हबशाचा देव, कादरनं सांगितला तसा

कादर, परवा तुला माती दिली तेव्हा माझ्या किती ओंजळी पडल्या ते मला सांगता येत नाही. तुझ्या थोरल्यानं आधी नीट समजावलं होतं की चाचा, तीनदा द्यायची. तीन मला मोजता येतात. पण पहिली ओंजळ उचलली आणि बोटं आपोआप माती निवडायला लागली. खडे एकीकडं, मुळं एकीकडं. पन्नास वर्षांची खोड ती. मागचा माणूस म्हणाला, बाबा, पुढं व्हा. मी पुढं झालो, टाकली, परत वाकलो. मग ती दुसरी होती का तिसरी, का चौथी, काही कळेना. कोणाला विचारायचं तर विचारण्यासारखा माणूस खाली निजलेला. जास्त पडली असेल तर माझ्यावर रागावू नकोस. माती बरी नव्हती एवढं सांगून ठेवतो. नुसता मुरूम. तिच्यात रांजण राहू दे, पणतीसुद्धा उभी राहिली नसती.

तू कसा होतास, किती जणांना जेवू घातलंस, हे भिंगारातले शिकलेले लोक लिहितील तर लिहितील. माझी शाळा दुसरीत सुटली. मला एकच गोष्ट लिहायची आहे, आणि ती तू अर्धी ठेवून गेलास. हबशाची. तुला ती ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून मांडतो. मांडता मांडता गाठ कुठं बसली ते मला दिसेल असं वाटतं. आतापर्यंत दिसलेली नाही.

लढाईचं शेवटचं वर्ष. तू छावणीतल्या लष्करी दवाखान्याच्या भटारखान्यात आचारी, मी भिंगारच्या वेशीजवळचा कुंभार. आपली ओळख घोड्याच्या लिदीनं झाली. मातीत घालायला लीद लागते, तबेला लष्कराचा, आणि आत जायला माणूस हवा, तो तू. त्याला तेव्हाच वीस वर्षं झाली असतील. त्या वर्षी ब्रह्मदेशातून जखमी झालेली काळी पलटण दवाखान्यात आली होती. आफ्रिकेतली माणसं. पोरं त्यांना बघायला कुंपणाला लटकायची. त्यातला एक तुझ्या ओळखीचा झाला. नाव अजायी. पुढंही काहीतरी हातभर लांब नाव होतं, ते आपल्या दोघांच्याही तोंडात बसलं नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नव्हती आणि डॉक्टरानं त्याला काहीतरी मळत जा म्हणून सांगितलं होतं. तू त्याला आधी कणीक दिलीस. साहेबलोकांच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या, तुला बोलणी बसली, तेव्हा तू त्याला माझ्याकडं आणलंस. म्हणालास, धोंड्या, ह्याला माती दे, तुझी गाडगी तशीबी चिवटच असत्यात.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा माझी पोर मंजुळा भिंतीशी बसून मडकी थापटत होती. तिचा डावा पाय आत वळलेला. चोवीस वर्षं मी बघत आलोय, नवा माणूस आला की पायाकडं बघतो आणि लगेच दुसरीकडं बघतो. काही जण बघितलंच नाही असं दाखवतात, ते मला जास्त लागतं. हा मात्र थांबला. दवाखान्याचा निळा डगला घातलेला तो धिप्पाड माणूस तिच्यापुढं वाकला आणि त्यानं मातीला हात लावला. मग तुला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मी तुला विचारलं. तू म्हणालास, मागनं सांगतो. तुझं ते मागनं सांगतो मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

मग तो रोज यायला लागला. माती तुडवायचा, मळायचा, आणि मळता मळता बोलायचा. थोडं मोडकं हिंदुस्तानी, बाकी त्याची ती पलटणीतली इंग्रजी. तुला साहेबांच्या भटारखान्यातली इंग्रजी येते, म्हणून मधे तू. त्यांच्याकडं देव आपल्यासारखेच पुष्कळ. लोखंडाचा एक, विजेचा एक, तो वरून दगड फेकतो. नदीची आई आहे. चव्हाट्यावर बसणारा एक खोडकर आहे, त्याला आधी काही दिलं नाही तर सगळं काम बिघडवतो. मी म्हटलं, म्हसोबाच की. तू प्रत्येक देवानंतर तौबा म्हणायचास आणि पुढचा सांगायचास.

मग त्यानं जगाची गोष्ट काढली. आधी वर आभाळ आणि खाली नुसतं पाणी. आभाळाच्या धन्यानं एका थोरल्या देवाला खाली पाठवलं. तो देव पांढऱ्याशिवाय नेसत नाही. त्याच्याबरोबर एक साखळी, गोगलगाईच्या शंखात भरलेली माती, एक कोंबडी आणि ताडाचं बी. साखळीनं लोंबकळत तो खाली आला, पाण्यावर माती ओतली, वर कोंबडी सोडली. कोंबडीनं उकरली, उधळली, आणि जिथं जिथं माती पडली तिथं तिथं जमीन झाली. मी म्हटलं, शंखभर मातीत एक सुगड होत नाही, जमीन कुठली होतेय. शिवाय त्यानं कोंबडीला पाच बोटं सांगितली. मी म्हटलं, चार असतात. मंजुळेनं आपली तांबडी कोंबडी धरून आणली आणि बोटं मोजून दाखवली. हबशी हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तू म्हणालास, ती देवाची कोंबडी हाय, तुझी न्हवं. त्या दिवशी आपण सगळे खुशीत होतो. मंजुळेची आई सुद्धा. ती मडकी भाजायच्या आव्याला चिखल लिंपत होती, तिच्या पाठीवरून कळत होतं की हसतेय.

दुसऱ्या दिवशी गोष्ट पुढं गेली. जमीन झाल्यावर तो पांढरा देव माणसं घडवायला बसला. मातीची. तिथं माझं चाक थांबलं. देवाला कुंभार म्हणताना मी कीर्तनात ऐकलंय, पण ते आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात. हबशी सांगत होता तो खरोखरचा कुंभार होता. त्याचे हात दुखायचे, त्याला तहान लागायची. तहान लागली म्हणून त्यानं ताडाची दारू प्यायली, आपली शिंदी असते तशी. अजून प्यायली. आणि त्या तारेत तो घडवतच राहिला. कुणाचा पाय वाकडा, कुणाला कुबड, कुणाचे डोळे मिटलेले. आभाळाच्या धन्यानं न बघताच सगळ्यांत जीव फुंकला.

मी उठलो. माझ्या हातात मडकं चाकावरून उतरवायचा दोरा होता, तो टाकला. तुला म्हणालो, माझ्या दारात बसून माझ्याच पोरीवर गोष्ट रचतोस व्हय. आणि मी शिंदी पितो हे सगळ्या भिंगारला ठाऊक, तेही तू त्यात घातलंस. तू माझं मनगट धरलंस. म्हणालास, सगळी ऐक. हबशी बोलला. दोन वाक्यं असतील, फार तर तीन. मी कान देऊन होतो. आणि मग तू बोलायला लागलास ते माझी चिलीम विझेपर्यंत बोलत राहिलास. त्यातलं मला अजून पाठ आहे.

‘‘देव शुद्धीवर आला, धोंड्या. त्यानं ती मानसं बघितली. मातीला दोष दिला न्हाई. म्हनला, माती चांगली हुती, हात माझा चुकला. त्या दिसापास्नं त्यानं दारू सोडली ती सोडलीच. आन म्हनला, ही मानसं माझी. ह्यांना जो हसंल, ह्यांच्या आईला जो बोल लावंल, त्यानं मला लावला.’’

आव्याकडच्या लिंपण्याचा आवाज थांबला होता.

आता हे कोणी वाचलं तर त्याला कळायला हवं, म्हणून लिहितो, नाहीतर लिहिलं नसतं. मंजुळा पोटात असताना ग्रहण लागलं होतं. पोर झालं आणि पाय वाकडा निघाला. माझी आई म्हणाली, हिनं ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. वांगं, नाहीतर भोपळा. गरवार बाईनं ग्रहणात विळीला हात लावायचा नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी ते ग्रहण, आमच्या तोंडी गिरान, धरून ठेवलं. आव्यात मडकी फुटली की तिचं गिरान, स्थळ परत गेलं की गिरान, शिंदी पिऊन आलो की गिरान. कुंभाराचं मडकं वाकडं निघालं की तो मातीला शिव्या देतो, ही आमची सगळ्यांची रीत. मी घरातही तीच चालवली. तू हे माझ्या अंगणात बसून वीस वर्षं ऐकलंस. एकदा म्हणालास, धोंड्या, आता बास कर. मी म्हटलं, तू तुझं पातेलं बघ.

म्हणून मला शंका आली. त्या देवानं आईचं नाव कशाला काढलं असेल? त्याच्या मुलखात ग्रहणाचं असं काही असतं का? का ते माझ्यासाठी घातलेलं होतं, पातळ रस्सा दहा जणांना पुरवायला तू पाणी घालायचास तसं?

मी म्हटलं, त्यानं शपथ घ्यावी. तू त्याला सांगितलंस. त्यानं लोखंड मागितलं. मी खुरपं दिलं. त्यानं ते डगल्याला पुसलं आणि पात्याला जीभ लावली. तू सांगितलंस की त्यांच्यात लोखंडाच्या देवाची शपथ अशी घेतात, खोटं असेल तर लोखंडच त्याला खातं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. गोळीतून वाचलेला माणूस, लोखंडानं काय होतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी खुरपं परत घेतलं. पटलं मला.

दोन दिवसांनी चाक फिरवताना डोक्यात आलं. जीभ त्यानं लावली ती त्याच्या दोन वाक्यांसाठी. तुझ्या चिलीमभर बोलण्याची शपथ कुणी घेतली?

मी तसाच मातीच्या हातानं भटारखान्याच्या मागच्या दाराशी आलो. तू कांदे चिरत होतास. मी म्हटलं, कादर, तूही शपथ घे, तुझ्या किताबाची. तुझे डोळे आधीच लाल होते, त्यामुळं राग कधी आला ते मला कळलं नाही.

‘‘मी काय कोर्टात उभा हाय?’’ म्हणालास. ‘‘तुला देव खोटा पायजे का कादर खोटा पायजे, ते आधी ठरव आन मग ये.’’

मी म्हटलं, दोन्ही असतील. तू पडदा ओढलास.

अडीच महिने आपण बोललो नाही. भिंगारात समोरासमोर आलो की तू पानाच्या दुकानाकडं वळायचास आणि मी, पान न खाणारा, उगाच आभाळ बघायचो. हबशी मात्र एकटा यायचा. मळायचा, हसायचा, जायचा. जायच्या दिवशी तो मुठीत माती धरून आला आणि मूठ वळवून दाखवली. सगळी बोटं वळत होती. मग तो मंजुळेसमोर बसला आणि बोलला. चांगली पाऊण घटका बोलला. मधे तिच्या पायाकडं हात केला, आभाळाकडं केला, एकदा तिच्या आईकडंही केला. त्यातला एक शब्द मला कळला नाही. भटारखाना तिथून हाकेवर होता. एखाद्या पोराला पाठवलं असतं तर तू आला असतास, न बोलता आला असतास, तर्जुमा करून न बोलता गेला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक. मी पाठवलं नाही. मी मान ताठ ठेवून बसलो आणि तो सगळं सांगून गेला. कदाचित त्यात सगळं होतं. कदाचित तो नुसता त्याच्या गावाबद्दल बोलत होता. मंजुळेला विचारलं तर ती म्हणाली, दादा, मला आवाज आवडला.

नंतर एक दिवस तू लिदीचं पोतं घेऊन आलास, जणू कालच गेला होतास. म्हणालास, घोडी कमी झाली, आता मोटारींची लीद वापरायला शिक. मी चहा सांगितला. तो विषय आपण परत काढला नाही. तू काढशील म्हणून मी थांबलो आणि मी काढीन म्हणून तू थांबला असशील. मी शिंदी सोडली होती. तुला सांगितलं पोट बिघडलंय म्हणून. तू हसला नाहीस, टोमणाही मारला नाहीस, एवढंच म्हणालास की पोटाला बरं आसतंय ते. तुला कळलं होतं का रे?

मी किती वेळा दोन्ही बाजू लावून बघितल्या. एका बाजूनं म्हणावं, तू पाच वेळचा नमाजी. परक्या मुलखातल्या मूर्तीच्या देवाच्या तोंडी तू स्वतःचं बोलणं घालशील? तुमच्यातही पहिला माणूस मातीचाच, हे तूच मला सांगितलंस, पन आमच्यात नशा न्हाई असं म्हणून वर कानाला हात लावलास. असा माणूस देव रचणार नाही. दुसऱ्या बाजूनं म्हणावं, वीस वर्षं ऐकून ऐकून तुझा जीव विटला असेल. माझं ऐकत नाही, गावाचं ऐकत नाही, निदान देवाचं तरी ऐकेल, मग देव कुठलाही असो. असा विचार तुझ्या डोक्यात येणं सहज आहे. मला दोन्ही खरं वाटतं. एक धरलं की दुसरं सुटतं.

तू आजारी पडल्यावर मी आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. भाभी तुला पेज पाजत होत्या. तुझा श्वास पुरत नव्हता. मी वाकलो, विचारायला तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, ‘‘तुझा रांजण पाझरतोय.’’ मी म्हटलं, नवा आहे, आठ दिवस पाझरतोच, पाणी बदलत जा. तू म्हणालास, बारा दिस झाले. मी म्हटलं, मोजायला चुकला असशील. भाभी म्हणाल्या, आता तरी भांडू नका. हे आपलं शेवटचं बोलणं. रांजणावर. आणि कादर, काल मी जाऊन बघितला, खरंच पाझरतोय. आवा कमी लागला होता.

हे सगळं मला कशासाठी हवं होतं ते आता लिहून टाकतो. मला मंजुळेच्या आईला सांगायचं होतं. पण मी कोणाच्या आधारानं सांगणार? चोवीस वर्षं बोल लावल्यावर एका सकाळी उठून, तुझं काही चुकलं नव्हतं, असं म्हणायला माणसाला काही साक्ष लागते. देव म्हणाला, असं म्हणता आलं असतं तर माझी मान खाली गेली नसती. म्हणून मला तो देव खरा हवा होता. आता तू गेलास, हबशी समुद्रापलीकडं, आणि साक्ष कुठून आणू? दोन दिवस मी हाच विचार करत चाकाजवळ नुसता बसून होतो.

आज सकाळी मंजुळेची आई राख चाळत होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, माती चांगली होती. ती म्हणाली, कंची, नदीची का तळ्यातली? मग मला सरळ बोलावं लागलं. म्हणालो, पोरीच्या पायाचं म्हणतोय. ग्रहणाचं. तुझा दोष नव्हता.

तिनं चाळण थांबवली नाही.

‘‘मी काय चिरलंच न्हवतं,’’ ती म्हणाली. ‘‘गिरान लागलं तवा मी पुणतांब्याला म्हायेरी हुते. आईनं दिसभर गोधडीत निजवून ठिवलं हुतं. चिरायचं लांब, पानीबी पिऊ दिलं न्हाई.’’

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

‘‘सांगितलं हुतं की. पैल्याच वर्सी, तुमच्या आईम्होरं. तुमी म्हनला, गप.’’ तिनं राखेची दुसरी पाटी चाळणीत ओतली. मग म्हणाली, ‘‘कादरभावजींना ठावं हुतं. त्यांनी इचारलं हुतं मला येकदा.’’

कादर, हे तू मला कधी बोलला नाहीस. तिनं सांगू नका म्हणून सांगितलं होतं का? का मी ऐकणार नाही हे तू धरून चालला होतास? ग्रहणात काही चिरलंच नव्हतं हे तुला आधीपासून ठाऊक होतं, मग तू माझ्याशी तंडायला एक देव शोधत होतास, का हबशानं तो खरंच आणला आणि तुला तो नेमका सापडला, हे मला आता कोणी सांगणार नाही. माझं डोकं चालेनासं झालंय. एक मात्र कळलं. एवढे दिवस मी साक्ष शोधत होतो आणि साक्षीदार घरात होती. तू तिला विचारलंस. मी विचारलं नाही.

मी तिला म्हणालो, माझं चुकलं. असं बोलायची मला सवय नाही. तिनं चाळण खाली ठेवली. राख एका बाजूला सारली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘मंजुळेलाबी सांगा. तिला वाटतंय तिच्या आईनं केलं.’’

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी बोल लावत होतो बायकोला आणि ऐकत होती पोर. लहानपणापासून.

मंजुळा आता भिंगारच्या बाजारात पणत्या घेऊन गेलीय. ऊन उतरलं की येईल. मी दारात बसून लिहितोय आणि रस्त्याकडं बघतोय. आईला सांगितलं ते तिला तसंच सांगून चालणार नाही. तिला काय सांगायचं, ग्रहणापासून सुरुवात करायची का स्वतःपासून, मला समजत नाही. एरवी तुला बोलावलं असतं, तू मधे बसला असतास. आज मला माझ्याच तोंडानं बोलायचं आहे. वेशीजवळ ती दिसतेय, डोक्यावरची पाटी रिकामी आहे. मी उठतो.